पियानोच्या बरोक पुस्तकातली ती नागमोडी चिन्हं: कुठून सुरुवात करू?

मधुरा_ठाणे

नमस्कार मंडळी. चाळिशीत पियानो शिकायला घेतलाय. घरी डिजिटल आहे, वजनदार कीजवाला. जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट बऱ्यापैकी बसला, म्हणून आता बरोक काळातल्या (सतराव्या-अठराव्या शतकातल्या) जर्मन संगीतकार बाखचं पहिलं इन्व्हेन्शन (दोन हातांचा छोटा तुकडा, सी मेजर) उघडलं. नोटा वाचता येतात, पण त्यांच्या डोक्यावर जे काय काय बसलंय त्याने भंडावून सोडलंय. कुठे बारीक नागमोडी रेघ, कुठे त्याच रेघेतून उभी काडी गेलेली. पुढची पानं चाळली तर आडवा पडलेला इंग्रजी एस, नोटेआधी चिकटलेली चिमुकली नोट, आणि एके ठिकाणी नागमोडी रेघेला शेपूट.

सर म्हणतात, "तूर्तास सोडून द्या." नेटवर एक जण ठासून सांगतो की ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची जलद आलटापालट) वरच्या सुरापासूनच सुरू करायची, दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो मूळ सुरापासून. दोघांनीही वाजवून दाखवलंय आणि दोन्ही कानाला गोडच लागतं. मग खरं काय? आणि हे सगळं पाठ करायचं की हळूहळू कळत जातं?

अवधूत_एस

मधुराताई, सर 'तूर्तास सोडा' म्हणाले ते बरोबरच आहे, पण 'तूर्तास' या शब्दावर जोर देऊन वाचा. सोडायचं ते चिन्ह. ते कशासाठी आहे हे आधी समजून घेतलेलं बरं.

नेटवरच्या भांडणात पडण्याआधी खुद्द बाखनेच केलेला तक्ता बघा. १७२० च्या जानेवारीत, जर्मनीत क्योथेनला असताना, त्याने थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, एक वही सुरू केली. पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्या वहीच्या सुरुवातीलाच अलंकारांचा, म्हणजे याच सजावटीच्या चिन्हांचा, तक्ता आहे. वरच्या ओळीत चिन्हं, खालच्या ओळीत ती कशी वाजवायची ते नोटांत लिहिलेलं. एकूण १३ खाने, सगळे 'सी' या एकाच सुरावर. नऊ वर्षांच्या मुलासाठी केलेला तक्ता चाळिशीतल्या माणसालाही पुरतो, काळजी नसावी.

त्यातले सध्या तीनच घ्या.

नुसती नागमोडी रेघ म्हणजे ट्रिल. तक्त्यात सीवर ही रेघ आहे आणि खाली डी-सी-डी-सी असं लिहिलंय. म्हणजे सुरुवात वरच्या सुरापासून. तुमच्या नेटवरच्या पहिल्या माणसाची बाजू इथे आली.

मधून काडी गेलेली रेघ म्हणजे मॉर्डंट. मूळ सूर, खालचा, परत मूळ. सीवर असेल तर सी-बी-सी. एकदाच जाऊन यायचं, चटकन.

नोटेआधी बारीकशी हुकासारखी खूण किंवा चिमुकली नोट म्हणजे अपोजियातुरा. तक्त्यात बाखने तिला 'अॅक्सेंट' म्हटलंय. शेजारचा सूर आधी, ठोक्यावर, आणि मग मूळ सूर. तक्त्यात दोघांना अर्धा अर्धा वेळ दिलाय.

बाकीचे बरेच खाने याच तिघांच्या जोड्या आहेत. ट्रिलच्या शेवटी काडी असेल तर ट्रिल संपवताना खाली जाऊन परत यायचं. सुरुवातीला शेपूट असेल तर ते ज्या बाजूने आलंय, खालून की वरून, त्या बाजूने ट्रिलमध्ये शिरायचं. रेघेचा आकार बघितला की हात कसा फिरणार हे निम्मं कळतं, फार हुशारीने बनवलेली चिन्हं आहेत ती.

खर्जातला

पियानोतलं मला काही कळत नाही, पण हा धागा वाचून थांबलो. आमच्या भातखंडे लिपीत एखादा स्वर कंसात लिहिला, समजा (प), तर तो 'ध प म प' असा घ्यायचा. वरचा, मूळ, खालचा, मूळ. तुमचा तो आडवा एस हेच का?

अवधूत_एस

खर्जातला, तंतोतंत हेच! आडवा एस म्हणजे टर्न, बाख त्याला 'कॅडन्स' म्हणतो. सीवर असेल तर डी-सी-बी-सी. तुमचा कंस आणि त्यांचा एस, दोन्ही एकच गोष्ट सांगतात: सगळं लिहीत बसत नाही, तुला माहितीये.

पण एक फरक सांगतो. भूपात (ग) आला तर तुम्ही 'प ग रे ग' घ्याल, कारण मध्ये म नाहीच. शेजारी कोण ते राग ठरवतो. इथे शेजारी म्हणजे त्या त्या पट्टीतला लगतचाच सूर, एक पायरी वर किंवा एक पायरी खाली, उडी नाही. कधी कधी चिन्हाच्या वर किंवा खाली बारीक शार्प-फ्लॅटची (सूर अर्धी पायरी वर-खाली करायची) खूण असते, ती त्या शेजाऱ्यासाठी.

म्हापशेकार

आमच्या लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज (सूर वाचून गाणं) शिकवायचे, तिथले मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, एकच सांगत: उजव्या हाताचा नखरा डाव्या हाताला विचारून करायचा. तेव्हा काही समजलं नव्हतं.

नंतर समजलं ते असं. जी मेजरमधला तुकडा संपतोय असं धरा. डाव्या हातात डी. उजव्यात एफ शार्प, त्यावर ट्रिल, आणि मग दोन्ही हात जीवर येऊन संपणार. आता ट्रिल एफ शार्पपासून सुरू केली तर ठोक्यावर डी आणि एफ शार्प, म्हणजे सगळं आधीच गोड आणि मिटलेलं. जीपासून सुरू केली तर ठोक्यावर डी आणि जी एकत्र वाजतात. जी तिथे उपरा आहे, तो खाली एफ शार्पवर उतरायला बघतो. कान ताणला जातो आणि मग सुटतो. 'वरच्या सुरापासून' या नियमामागे ही ओढ आहे. पियानोवर बसा आणि दोन्ही वाजवून बघा, पण हळू. जोरात वाजवलं तर फरक कळायचा नाय.

मधुरा_ठाणे

म्हापशेकार, आत्ता वाजवून बघितलं. पहिल्यांदाच कळलं की ट्रिल म्हणजे नुसती थरथर नाही! पहिला सूर जरासा लांबवला तर ते ताणणं अजून स्पष्ट होतंय. असं लांबवलेलं चालतं का?

अवधूत_एस

चालतं काय, शेवटच्या ट्रिलमध्ये ते शोभतं. वरच्या सुरावर क्षणभर टेकायचं आणि मग सुटायचं.

अपोजियातुराही याच कुळातला, फक्त थरथर काढून टाकलेली. म्हणून तो ठोक्यावर हवा आणि मूळ सुरापेक्षा जरा वजनदार हवा. ताण वजनाने, सुटका हलक्या हाताने.

आता तुमच्या इन्व्हेन्शनवर येऊ. पहिल्या बारच्या (दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या) चौथ्या ठोक्यावर उजव्या हातात बी आहे आणि त्यावर मॉर्डंट. बरोबर त्याच क्षणी डाव्या हातात काय येतं बघा: एफ. बी आणि एफ, पाश्चात्त्य कानाला सगळ्यात अस्वस्थ करणारी जोडी. बाखने मॉर्डंट नेमका तिथे ठेवलाय. एफवर बी-ए पटकन होतात, आणि डाव्याचा पुढचा डी पडतो तेव्हा उजवा परत बीवर येऊन थांबलेला असतो. मग दोघे पुढे. बोटं म्हणाल तर तिथले लिहिलेले मोठे सूर, सी-बी-सी, ४-३-४ ने (अंगठा म्हणजे १) घेतले तर एसाठी दुसरं बोट आयतं मोकळं असतं.

सरावाला पूर्ण बार वाजवू नका. फक्त चौथा ठोका घ्या. डावा एफ-डी, उजवा बी-ए-बी. इतक्या हळू की कोणता सूर कोणासोबत पडतो ते मोठ्याने सांगता आलं पाहिजे. मग आधीचा ठोका जोडा.

चिंगी

माझी लेक परीक्षांच्या पुस्तकातून वाजवते. तिथे चिन्हाच्या वर बारीक नोटांत उलगडा दिलेला असतो. ते जसंच्या तसं वाजवायचं का? आणि नाही जमलं तर गाळलं तर चालेल? दर वेळी तिथे आली की अडखळते, रडू येतं तिला.

अवधूत_एस

चिंगी, तो उलगडा संपादकाने सुचवलेला असतो, बाखने सांगितलेला नव्हे. सुरुवातीला तोच घ्यावा, तेवढाच विचार कमी. गाळण्याबद्दल तिच्या शिक्षकांनाच विचारा, परीक्षा त्यांना माहीत. पण माझं मत विचाराल तर अलंकारापायी ताल अडखळण्यापेक्षा साधा सूर ठोक्यावर नेमका पडलेला शंभर पटीने चांगला. मध्ये पायऱ्याही आहेत. लांब ट्रिल जमत नसेल तर चारच सूर, वर-मूळ-वर-मूळ. तेही नसेल तर वरचा आणि मूळ, दोनच, म्हणजे अपोजियातुरा झाला. ओढ तरीही शाबूत राहते.

रडत असेल तर काही दिवस सगळे अलंकार काढून वाजवू द्या. धून हातात बसली की एकेक परत आणा.

रानवारा

वाचतोय, पण मला हे सगळं जरा सोवळं वाटतंय. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने तक्ता केला म्हणून आपण एक थरथर वरून की खालून यावर इतकी चर्चा करायची? त्या काळचे वादक मनाला येईल तसे अलंकार टाकत होते असं मी वाचलंय. मग आपल्यावरच ही शिस्त का?

तळटीप

रानवारा, अर्धं बरोबर आहे तुमचं. वादक स्वतःहून अलंकार टाकत हे खरं. इतकं खरं की १७३७ मध्ये योहान आडोल्फ शायबे या टीकाकाराने बाखवर तक्रार केली ती उलटी: हा गृहस्थ प्रत्येक लहानसहान अलंकार नोटांत लिहून टाकतो, वादकाला काही ठेवतच नाही. म्हणजे वादकाला मोकळीक असणं गृहीत होतं आणि बाख ती आवळतोय असा आक्षेप.

पण फ्रान्समध्ये वारं वेगळं होतं. तिथल्या कूपराँ या संगीतकाराने १७१३ च्या पहिल्या संग्रहात चिन्हांचा तक्ता दिला, १७१६ मध्ये वादनावर पुस्तक काढलं, आणि तरी लोक ऐकेनात म्हणून १७२२ मध्ये तिसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत रागावून लिहिलं की मी जिथे चिन्ह घातलंय तिथे वाजवा, नाही तिथे घालू नका. दोघेही बरोकच. त्यामुळे 'त्या काळी असं होतं' या वाक्याला फारसा अर्थ नाही, कोणाच्या संगीतात ते विचारायला हवं.

बाखचा तक्ताही त्याचा एकट्याचा नाही. दांगलबेर या फ्रेंच वादकाने १६८९ मध्ये छापलेल्या संग्रहात २९ अलंकारांचा तक्ता होता, तो बाखने तरुणपणी स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता. मुलासाठीचा १३ खान्यांचा तक्ता हा त्याचाच आटोपशीर अवतार.

एक सावधगिरी. लोक बाखच्या मुलाच्या, कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखच्या, पुस्तकाचा दाखला सर्रास देतात. उत्तम पुस्तक आहे, पण ते १७५३ चं, वडील गेल्यानंतर तीन वर्षांनी आलेलं, आणि तोवर आवड बदलली होती. अपोजियातुराने मूळ सुराचा अर्धा वेळ घ्यावा आणि मूळ सूर तीन भागांचा असेल तर दोन तृतीयांश, हा नियम त्यातला. तो मुलाच्या संगीताला चपखल बसतो. वडिलांच्या प्रत्येक चिमुकल्या नोटेला लावत सुटलात तर कुठे कुठे विचित्र ऐकू येईल.

रानवारा

बरं, शायबेचा मुद्दा आवडला. सोवळं मागे घेतो, ओवळं झालो.

खर्जातला

अवांतर, पण हार्मोनियमवर हे प्रकार निघतात का? आमच्याकडे पेटीवाले खटका झकास काढतात.

अवधूत_एस

निघतात की. फक्त पेटीचा सूर भाता चालू असेतो टिकतो, आणि हार्प्सिकॉर्डचा (पियानोआधीचं, तारा छेडणारं कळींचं वाद्य) छेडल्याबरोबर विरायला लागतो. लांब सूर जिवंत ठेवायला तिथे ट्रिलचा उपयोग होतो. शिवाय हार्प्सिकॉर्डवर कळ जोरात दाबली काय किंवा हळू, आवाजात जवळपास फरक पडत नाही. मग एखाद्या सुरावर जोर कसा द्यायचा? त्याला मॉर्डंट लावायचा. आधुनिक पियानोवर बोटानेच जोर देता येतो, म्हणून तिथे मॉर्डंट आणि बोटाचा दणका दोन्ही लावले तर ते फार होतं. पियानोवर अलंकार हलक्याने घ्या असं सांगतात ते यासाठी.

मधुरा_ठाणे

परत आले. बी-ए-बी आता हळू लयीत बसतंय. प्रश्न लांब ट्रिलचा. पुस्तकात पुढे डी मायनरचं चौथं इन्व्हेन्शन आहे, त्यात उजव्या हातात एक सूर कित्येक बार ट्रिल होत राहतो आणि खाली डावा हात चालू. किती वेळा वर-खाली करायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. आणि थोड्या वेळाने मनगट लाकडासारखं होतं.

अवधूत_एस

किती वेळा, ते मुद्दामच लिहिलेलं नसतं. लय, वाद्य, हात यावर ठरतं. डावा हात सेमीक्वेव्हरमध्ये (सोळाव्या भागाच्या नोटांत) चालतोय ना, तर सुरुवातीला ट्रिलही सेमीक्वेव्हरमध्येच घ्या: डाव्याच्या प्रत्येक सुरासोबत उजव्याचा एक सूर. हे कुरूप वाटतं, पण दोन्ही हात एकमेकांना धरून राहतात. नंतर दुप्पट करा. शेवटी मोजणं सोडून द्या, तोवर हाताला कळलेलं असतं. पुढे तशीच ट्रिल डाव्या हातात येते, तेव्हा हा सराव कामी येतो.

मनगट ताठ होतं कारण बोटं फार वर उचलली जातात. कळीला चिकटून राहा. ४-५ ने ट्रिल करण्याचा हट्ट नको, २-३ किंवा १-३ बघा. दुखलं तर थांबा, यात मर्दुमकी नाही.

आणि सगळ्याच लहान ट्रिल वरच्या सुरापासून हव्यात असंही नाही बरं का. जलद उतरत्या ओळीत आधीचाच सूर वरचा असतो. तो पुन्हा मारायला वेळ नसतो, तो जणू पुढे ओढला जातो, आणि ऐकू येताना मूळ-वर-मूळ असे तीनच सूर येतात. नेटवरच्या दुसऱ्या माणसाला इथे थोडं माप देता येईल.

तळटीप

त्या दुसऱ्या माणसाच्या गोंधळाला छापील पुस्तकांचाही हातभार आहे. १९व्या शतकातल्या संपादकांनी बरोक संगीतावर स्वतःच्या काळाच्या सवयी चढवल्या. बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर या संग्रहाची चेर्नीने केलेली १८३७ ची आवृत्ती याचं प्रसिद्ध उदाहरण, त्यात लयीचे आकडे आणि आवाजाच्या खुणा त्याच्या पदरच्या. अशा आवृत्त्या आता हक्कमुक्त आहेत म्हणून नेटवर फुकट मिळतात आणि नवखा माणूस नेमका त्याच उतरवून घेतो. मधुराताई, शक्य असेल तर हेन्ले, बेरेनराइटर किंवा वीनर उर्टेक्स्टपैकी एखादी प्रत घ्या. महाग असतात, पण बाखने काय लिहिलं आणि संपादकाने काय सुचवलं हे त्यात वेगळं ओळखता येतं. मुंबई-पुण्यात मोठ्या वाद्यांच्या दुकानांत मागवून देतात.

आणि तुमच्या त्या जी मेजर मिन्युएटबद्दल: तो बाखचा नाही. बाखच्या बायकोच्या, अॅना माग्डालेनाच्या, १७२५ च्या वहीत आहे एवढंच. रचना ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेट्झोल्डची.

मधुरा_ठाणे

काय सांगता! माझ्या पुस्तकात तर मोठ्या अक्षरात बाख छापलंय.

म्हापशेकार

सगळ्यांच्याच पुस्तकात छापलंय, वाईट वाटून घेऊ नका.

रानवारांसाठी एक. मोकळीक कशी घ्यायची ते बघायचं असेल तर बाखचे इंग्लिश स्वीट्स (नाचांच्या तुकड्यांचे संच) उघडा, दुसरा ए मायनर आणि तिसरा जी मायनर. दोन्हींत साराबांद (संथ नाचाचा तुकडा) आहे, आणि लगेच पुढे त्याच साराबांदचे अलंकार वेगळे लिहून दिलेत. आधी साधी ओळ, मग तीच सजवलेली. दोन पानं शेजारी ठेवून नुसती वाचली तरी कळतं, कुठे भरलंय आणि कुठे हातही लावलेला नाही. वाजवायला आपल्यासारख्यांना वेळ लागेल, वाचायला नाही.

चिंगी

अपडेट: अलंकार काढून वाजवायला सांगितल्यावर लेक म्हणाली, "मग हे तर सोप्पंय." आता स्वतःच एक मॉर्डंट परत घातलाय, चुकीच्या जागी, पण ऐकायला छान वाटतोय. राहू दे म्हटलं.

अवधूत_एस

राहू दे राहू दे.

मधुराताई, चौथ्या इन्व्हेन्शनआधी एक मधली पायरी सुचवतो. त्या १७२० च्या वहीत तक्त्यानंतर पहिलाच तुकडा आहे 'अॅप्लिकाशिओ', बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) ९९४. सी मेजर, फक्त आठ बार. तक्त्यातली चिन्हं त्यात वापरलेली आहेत, आणि बाखने स्वतः बोटांचे आकडे घातलेत, जे त्याच्या हातचे फार कमी ठिकाणी सापडतात. तक्ता समोर ठेवा, आधी सगळी चिन्हं सोडून वाजवा, मग एकेक घाला.

मधुरा_ठाणे

शोधून छापून घेतला. पण सुरुवातीलाच उजव्या हाताला चढत्या ओळीवर ३-४-३-४ असे आकडे दिसतायत. अंगठा कुठे गेला? ही छपाईची चूक ना?

तळटीप

चूक नाही. तिसरं बोट चौथ्यावरून पुढे टाकायची ती जुनी पद्धत, अंगठा खालून काढण्याआधीची. हार्प्सिकॉर्डच्या हलक्या, उथळ कळींवर ती सहज जाते.

अवधूत_एस

तुमच्या वजनदार कीजवर एकदा गंमत म्हणून करून बघा, मग नेहमीची बोटं लावा. चिन्हांकडे मात्र नीट बघा, आणि अडलात तर बार क्रमांक टाकून इथेच विचारा.